सुताराचे घड्याळ

परदेशी कंपनीचे काम करणाऱ्या अनेकांच्या संगणकावर हल्ली एका कोपऱ्यात दोन-तीन घड्याळे मांडलेली असतात. एक पुण्याचे, एक लंडनचे, एक न्यूयॉर्कचे. मीटिंग किती वाजता, तिकडच्या लेकीला फोन कधी करायचा, एवढेच त्यातून पाहायचे असते. इथली आणि दूरच्या गावची वेळ एकाच जागी कळणे ही आपल्याला सोय वाटते. अठराव्या शतकातल्या खलाशांसाठी मात्र हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. तो सोडवण्यात जॉन हॅरिसन नावाच्या एका इंग्रज सुताराची चाळीसहून अधिक वर्षे गेली.

भर समुद्रात आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत, हे सूर्य किंवा ध्रुवतारा किती उंचीवर आहे ते मोजून कळते. पूर्व-पश्चिम कुठे आहोत, म्हणजे रेखांश किती, हे आकाशाकडे पाहून तितक्या सहज कळत नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. जहाजावर सूर्य माथ्यावर आला की तिथले बारा वाजले. त्याच क्षणी घरच्या बंदरात किती वाजले हे माहीत असेल, तर दोन वेळांमधल्या फरकावरून रेखांश निघतो. फरक चार मिनिटांचा असेल तर एक अंश. तत्त्व सगळ्यांना ठाऊक होते. अडचण एकच होती : घरची वेळ महिनोन्महिने बिनचूक सांभाळणारे घड्याळ कोणाकडेच नव्हते. त्या काळची चांगली घड्याळे लंबकावर चालत. जहाज हेलकावले की लंबक बिघडे, उष्ण प्रदेशात धातू प्रसरण पावे आणि थंडीत तेल घट्ट होई.

याची किंमत माणसांनी मोजली. १७०७मध्ये ब्रिटिश नौदलाची चार जहाजे सिली बेटांजवळच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. १७१४मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला. अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्या पद्धतीला २० हजार पौंडांचे इनाम लावले. सहा आठवड्यांच्या प्रवासात घड्याळ दिवसाला तीन सेकंदसुद्धा चुकता कामा नये, असा त्याचा अर्थ.

हॅरिसनचा जन्म १६९३चा, यॉर्कशायरमधल्या फॉल्बी गावचा. वडील सुतार, तोही सुतारकाम शिकला. लहानपणी देवी आल्या तेव्हा अंथरुणात त्याच्या उशाशी मन रमवायला एक घड्याळ ठेवले होते, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी कोण जाणे. पण विशीत त्याने पहिले मोठे घड्याळ बांधले आणि त्याची चाकेही लाकडाची केली, हे खरे. पुढे ब्रॉकल्सबी पार्क इथल्या मनोऱ्यासाठी केलेल्या घड्याळात त्याने लिग्नम व्हायटी हे स्वतःच तेलकट असलेले लाकूड वापरले. तेल घालायलाच नको, मग ते घट्ट होण्याचा प्रश्नही नाही. ते घड्याळ अजून चालते. पितळ आणि पोलाद यांच्या सळ्या आलटून पालटून जोडून उन्हाळ्या-हिवाळ्यात लांबी न बदलणारा लंबकही त्याने केला. हे सगळे घड्याळजीकडे उमेदवारी न करता.

१७३५मध्ये त्याचे पहिले सागरी घड्याळ तयार झाले. वजन ३४ किलो. लंबकाऐवजी एकमेकांना जोडलेल्या, उलटसुलट झुलणाऱ्या दोन दांड्या होत्या. १७३६मध्ये ते ‘सेंच्युरियन’ जहाजातून लिस्बनला गेले. दुसऱ्या जहाजाने परतताना किनारा दिसला, तेव्हा अधिकाऱ्यांना तो एक भूभाग वाटला, हॅरिसनने दुसराच सांगितला. बरोबर तोच होता. जहाज आपल्या हिशेबापेक्षा सुमारे साठ मैल चुकले होते. इनाम देणाऱ्या मंडळापुढे उभे राहिल्यावर मात्र या गृहस्थाने आपल्याच घड्याळातले दोष सांगितले आणि दुसरे बनवायला पैसे मागितले. दुसरे झाले ३९ किलोंचे. जहाज वळताना त्यात चूक येते हे त्याच्याच लक्षात आले आणि ते कधी समुद्रावर गेलेच नाही. मग तिसरे. त्याला लागली १९ वर्षे.

त्या १९ वर्षांत काय चालले होते, हे ‘सेंच्युरियन’वरच पाहावे. १७४१मध्ये कमोडोर अॅन्सन हेच जहाज घेऊन दक्षिण अमेरिकेचे टोक ओलांडून पॅसिफिकमध्ये आला. खलाशी स्कर्व्हीने मरत होते. ताज्या अन्नाअभावी, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या या आजारात हिरड्यांतून रक्त येते आणि जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. ताजा भाजीपाला आणि पाणी मिळेल असे हुआन फर्नांडिस बेट कोणत्या अक्षांशावर आहे हे त्याला ठाऊक होते. ते पूर्वेला की पश्चिमेला, हे कळेना. तो आधी पश्चिमेला गेला, मग शंका येऊन पूर्वेला वळला, चिलीचा किनारा दिसल्यावर पुन्हा माघारी. या येरझाऱ्यांत सत्तर-ऐंशी माणसे दगावली. पाच वर्षांपूर्वी ज्या जहाजावर हॅरिसनचे घड्याळ होते, त्याच जहाजावर.

तिसरे घड्याळ फसले असे म्हणायचे, पण त्यातल्या दोन गोष्टी आपण रोज वापरतो. तापमानानुसार वाकणारी दोन धातूंची पट्टी आपोआप बंद होणाऱ्या इस्त्रीत असते. पिंजऱ्यात बसवलेले बेअरिंग तर जिथे चाक फिरते तिथे सापडते.

मोठे घड्याळ म्हणजे स्थिर घड्याळ, असे तोपर्यंत हॅरिसनही मानत होता. १७५३मध्ये एका लंडनच्या कारागिराने त्याच्या आराखड्यानुसार त्याच्यासाठी खिशातले घड्याळ केले. ते अपेक्षेहून फारच चांगले चालले आणि त्याला उमगले, की आकार नव्हे, वेग महत्त्वाचा. छोटे चाक जोरात आणि भराभर झुलत असेल, तर जहाजाच्या संथ हेलकाव्यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाने पाव शतकाची दिशा सोडली, हे मला त्याच्या सगळ्या शोधांहून मोठे वाटते. १७५९मध्ये चौथे घड्याळ तयार झाले : १३ सेंटिमीटर व्यासाचे, दीड किलोहूनही हलके, सेकंदाला पाच टिक-टिक करणारे.

१७६१च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांनी हिशेब केला तेव्हा घड्याळ पाच सेकंद मागे पडले होते. मंडळ म्हणाले, जमैकाचाच रेखांश पक्का ठाऊक नाही, पुन्हा चाचणी घ्या. १७६४मध्ये बार्बाडोसची सफर झाली. ४७ दिवसांत चूक ३९ सेकंदांची, म्हणजे अटीच्या तिप्पट चांगली. तरी निम्मीच रक्कम, तीही घड्याळ उघडून त्याची सगळी रचना समजावल्यावर.

या कथेत राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिनला खलनायक करतात. चंद्राच्या स्थानावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचा तो पुरस्कर्ता होता आणि मंडळावरही बसत होता, हे योग्य नव्हतेच. पण एका म्हाताऱ्याने एक अद्भुत वस्तू केली, दुसऱ्या कारागिराला ती करता येईल का, हा मंडळाचा प्रश्न रास्त होता. हजारो जहाजांना एक घड्याळ पुरणार नव्हते. लार्कम केंडॉल याने हुबेहूब नक्कल करून तो प्रश्न मिटवला. कॅप्टन कुकने ती १७७२ ते १७७५ या सफरीत नेली आणि परतल्यावर तिचे कौतुक केले.

तोवर हॅरिसन ऐंशीकडे झुकला होता. विल्यमने तिसऱ्या जॉर्ज राजापर्यंत गाऱ्हाणे नेले. राजाने पाचवे घड्याळ स्वतःच्या वेधशाळेत तपासून घेतले. १७७३मध्ये संसदेने ८,७५० पौंड दिले, पण इनाम जिंकल्याचे कोणी जाहीर केले नाही. २४ मार्च १७७६ला हॅरिसन लंडनमध्ये वारला.

पुढे बहुतेक जहाजांवर ग्रिनिचची वेळ सांभाळली जाऊ लागली आणि १८८४मध्ये शून्य रेखांश तिथूनच धरायचे ठरले. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, भागिले १५, म्हणून साडेपाच तास पुढे. मुंबईचा सूर्य त्याहूनही ३९ मिनिटे मागे असतो, हे जुन्या मुंबईकरांना ‘मुंबई टाइम’मुळे ठाऊक असे.

पहिली तीन घड्याळे आज ग्रिनिचच्या वेधशाळेत चालू आहेत. चौथे शेजारीच आहे, पण बंद. त्याला तेल लागते आणि चालवले तर ते झिजेल, म्हणून त्याला चावी देत नाहीत.