न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे

न्याय देणें ही केवळ चाकरी नसून लोकसेवाही होऊं शकते, हें ज्यांनीं आपल्या आचरणानें दाखविलें, त्यांत न्यायमूर्ति रानड्यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें १८ जानेवारी १८४२ रोजीं झाला. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते होते. १८७१ सालीं ते पुण्यास दुय्यम न्यायाधीश झाले.

दिवसा कोर्टांत निवाडे करावे व उरल्या वेळीं सार्वजनिक सभेच्या द्वारें रयतेचीं गाऱ्हाणीं सरकारापुढें मांडण्यास साह्य करावें, असा त्यांचा क्रम असे. सरकारास संशय आला. १८७८ सालीं त्यांची नाशिकास व १८७९ सालीं, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमींत, धुळ्यास बदली झाली. तेथें त्यांचीं पत्रें फोडून पाहिलीं जात. तथापि रानड्यांनीं ना जागा सोडली, ना कामांत कुचराई केली.

घरांत मात्र त्यांचा निश्चय ढळला. विधवाविवाहाचे हे पुरस्कर्ते १८७३ सालीं विधुर होतांच, वडिलांच्या आग्रहास्तव अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाहबद्ध झाले. हा दोष चरित्रकारानें झांकूं नये. त्याच पत्नीस, रमाबाईंस, त्यांनीं स्वतः शिकविलें, हेंही सांगावें.

१८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत कर्जबाजारी कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं होतीं. त्यावरून १८७९ सालीं पुणें, सातारा, नगर व सोलापूर ह्या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशानें खतावरील आंकड्यावर विसंबूं नये, देवघेवीचा इतिहास मुळापासून तपासावा, चक्रवाढ व्याज धरूं नये, आणि कर्जासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालूं नये, असें त्यांत ठरलें. परंतु ह्या दाव्यांत बहुधा अपील नसे. मग खालच्या कोर्टाची चूक सुधारावी कोणीं? तो अधिकार विशेष न्यायाधीशाचा होता. रानडे १८८१ सालीं ह्या तपासणीच्या कामावर आले व १८८७ सालीं स्वतः विशेष न्यायाधीश झाले. तालुक्यातालुक्यांतून फिरून ते दप्तरें पाहात. निवाडा चुकला तर कुणब्याची जमीन जाई; सावकाराचें खरें येणें बुडालें तर पुढील पेरणीस बियाण्यापुरतेंही कर्ज मिळणें कठीण होई. हीं दोन्हीं पारडीं त्यांस सारखीं तोलावीं लागत. केवळ कायद्यानें शेतकऱ्याचें ऋण फिटणार नाहीं, त्यास माफक व्याजानें भांडवल मिळालें पाहिजे, हें ओळखून १८९१ सालीं त्यांनीं त्या विषयावर निबंध लिहिला.

न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या मृत्यूनंतर १८९३ सालीं रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजीं त्यांनीं देह ठेवला. संशयाच्या दिवसांत ज्यांनीं न्यायाचें आसन टाकलें नाहीं, त्यांस तें श्रेष्ठ आसन शोभलें, यांत नवल तें काय?