तेरा सद्गुणांची वही

अमेरिकेतील शंभर डॉलरच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे, ते बेंजामिन फ्रँकलिन मुद्रक, शास्त्रज्ञ, मुत्सद्दी आणि राष्ट्रनिर्माते म्हणून जगाला परिचित आहेत. मनातील संकल्प कागदावर उतरवल्याने तो सिद्धीस जातो का, या प्रश्नाची परीक्षाही त्यांनी स्वतःच्या आयुष्यावर मोठ्या चिकाटीने घेतली. ही बाजू मात्र कमी लोकांना ठाऊक असते.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टनमध्ये झाला. साबण आणि मेणबत्त्या बनवणाऱ्या कारागिराच्या सतरा अपत्यांपैकी ते पंधरावे. शाळा जेमतेम दोन वर्षे लाभली. बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि सतराव्या वर्षी तेथून पळून फिलाडेल्फियाला आले. पुढे दीड वर्ष लंडनमध्ये काम करून १७२६ साली ते जहाजाने परत निघाले, तेव्हा वय वीस होते आणि डोक्यावर कर्ज होते. त्या लांबलेल्या समुद्रप्रवासात त्यांनी पुढील आयुष्याची आखणी लिहून काढली. कर्ज फिटेपर्यंत काटकसर, बोलण्यात सचोटी, हाती घेतलेल्या धंद्यात चिकाटी आणि कोणाचीही निंदा न करणे, असे चार संकल्प त्यात होते. कर्ज पुढे फिटले, स्वतःचा छापखाना उभा राहिला, वृत्तपत्र हाती आले, आणि १७३१ साली त्यांच्या पुढाकाराने वर्गणीवर चालणारे ग्रंथालयही स्थापन झाले.

याच सुमारास त्यांनी अधिक धाडसी बेत आखला. निर्दोष माणूस व्हायचे ठरवून त्यांनी बारा सद्गुणांची यादी केली. त्यांच्या वागण्यात गर्व दिसतो, असे एका क्वेकरपंथीय मित्राने सांगितल्यावर नम्रता हा तेरावा गुण तीत आला. नुसती यादी करून ते थांबले नाहीत. एका छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान दिले. त्यावर लाल शाईने आठवड्याच्या सात वारांचे रकाने आणि तेरा गुणांच्या आडव्या ओळी आखल्या. रोज रात्री दिवसाचा आढावा घेऊन जेथे चूक झाली तेथे काळा ठिपका द्यायचा, हा नियम केला. सगळे गुण एकदम साधू पाहिले तर एकही साधत नाही, हे ओळखून आठवड्याला एकाच गुणावर भर दिला. तेरा आठवड्यांचे एक आवर्तन, अशी वर्षाला चार आवर्तने होत. ठिपके खरवडून वहीच्या पानांना भोके पडू लागली, तेव्हा पुसता येतील अशी हस्तिदंती पाने वापरात आली.

आपल्यात वाटले होते त्यापेक्षा कितीतरी अधिक दोष आहेत, हे त्या ठिपक्यांनी त्यांना प्रथमच दाखवले. काही दोष घटत गेले. व्यवस्थितपणा मात्र अखेरपर्यंत जमला नाही. कागदपत्रे जागच्या जागी ठेवण्याची सवय कधी लागलीच नाही. नम्रतेच्या बाबतीत तर आपल्याला गुण न लाभता केवळ त्याचा आभास साधला, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली. काळाच्या ओघात आवर्तने विरळ होत शेवटी थांबली, पण वही प्रवासातही सोबत राहिली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, फ्रान्समध्ये असताना मागे वळून पाहताना पूर्णत्व दूरच राहिले हे त्यांनी मान्य केले. तरीही या प्रयत्नामुळे आपण अधिक चांगले आणि सुखी झालो, असा त्यांचा निर्वाळा होता.

या पद्धतीला एक मर्यादाही होती, आणि ती त्यांच्या आयुष्यातच दिसते. वहीत न्याय या गुणाची ओळ होती. परंतु त्यांच्या घरात अनेक वर्षे गुलाम राबत होते आणि त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात होत्या. मनाला जो दोष वाटतच नाही, त्यावर ठिपका पडत नाही. त्यासाठी मनच बदलावे लागते, आणि ते बदलायला त्यांना अनेक दशके लागली. १७८७ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी नष्ट करावी, असा त्यांच्या सहीचा अर्ज अमेरिकन काँग्रेसपुढे गेला. तो फळाला आला नाही. दोनच महिन्यांनी, १७ एप्रिल रोजी, फ्रँकलिन यांचे फिलाडेल्फियात निधन झाले.

लिहून ठेवलेल्या संकल्पाने फ्रँकलिन निर्दोष झाले नाहीत. रोज रात्री स्वतःचा हिशेब तपासण्याची शिस्त मात्र त्याने त्यांना दिली. वहीत काय लिहायचे, याची निवड मात्र माणसालाच करावी लागते, आणि ती निवड वेळोवेळी नव्याने तपासावी लागते.