फुरसुंगीच्या पोराचे भा. रा.

डिसेंबर आला की इन्स्टावर एक ठरलेला फोटो फिरायला लागतो. अंगावर शाल, हातात कॉफीचा मग आणि मांडीवर ‘कोझी मिस्ट्री’. परदेशातलं छोटंसं गाव, ख्रिसमसची सुट्टी, बाहेर बर्फ, आणि पोलिसांच्या आधी गुन्हेगार शोधून काढणारी बेकरीवाली बाई. गुन्हा घडतो, पण रक्ताचे पाट काही वाहत नाहीत. रात्री एकटं असतानाही वाचता येतं. हा प्रकार काही आजचा नाही. अगाथा ख्रिस्तीने १९३८ सालीच पायरोला ख्रिसमसच्या सुट्टीत कामाला लावलं होतं.

पण सुट्टी, गाव आणि रहस्य ही भट्टी मराठीतही एका माणसाने फक्कड जमवली होती. त्याने निवडलेलं गाव तर आपल्या हडपसरच्या पुढेच आहे. गाव फुरसुंगी, आणि माणूस भा. रा. भागवत.

भास्कर रामचंद्र भागवतांचा जन्म ३१ मे १९१० चा, इंदूरचा. ऐन तारुण्यात बेचाळीसची चळवळ आली आणि तेही तिच्यात उतरले. पुढे मात्र त्यांनी आयुष्य काढलं ते मुलांसाठी लिहिण्यात. पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यिक, म्हणजे घरात दोघांचाही उद्योग तोच. भागवतांनी ‘बालमित्र’ नावाचं मासिक काही वर्षं चालवलं. मुलांचं मासिक चालवणं हा तेव्हाही आतबट्ट्याचाच व्यवहार! मोठ्यांसाठी लिहिणारा तो साहित्यिक आणि मुलांसाठी लिहिणारा तो नुसताच गोष्टी सांगणारा, ही आपली जुनी खोड. भागवतांनी तिची फिकीर केलेली दिसत नाही.

ज्यूल व्हर्न त्यांनी मराठीत आणला. आता भाषांतर म्हटलं की आपल्याला झोप येते, पण यांच्या पुस्तकांची नावंच बघा. धूमकेतूवरच्या सफरीच्या कादंबरीला त्यांनी नाव दिलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. एसटीच्या पाटीवर शोभेल असं! परकी गोष्ट घरची कशी करायची, हे त्यांना नेमकं कळलं होतं. एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूसही त्यांनी असाच इकडे आणला.

मग वयाच्या पन्नाशीच्या आसपास त्यांनी स्वतःचा हिरो काढला. तेव्हा मराठी रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळापहाड, धनंजय असे सगळे भारदस्त गडी. भागवतांचा बनेश फेणे अगदी उलटा. काडीपैलवान, शाळकरी, सायकलवर सुसाट जाणारा, म्हणून फास्टर फेणे. ना पिस्तूल, ना ओव्हरकोट. डोक्यात काही चमकलं की जीभ टाळूला लावून ट्टॉक् करणार, की समजायचं, सापडलं काहीतरी. शाळा पुण्यात, विद्याभवन. घर फुरसुंगीत. त्या काळात गावाकडून शहरात शिकायला आलेल्या पोराला लोक शहाणपण शिकवायला टपलेले असत. इथे शहरातल्या बेरक्या चोरांना तोच धडा शिकवतो! गावातून, तालुक्यातून येऊन पुण्यात खोली करून राहणाऱ्यांना हे वाचताना वेगळीच मजा येईल.

सुट्टीचं गणितही भागवतांनी छान बसवलंय. शाळा चालू असताना पोरगा फिरणार कुठे? शाळेला सुट्टी लागली, की मोकळा. प्रतापगडावर फास्टर फेणे आहे, फास्टर फेणेची डोंगरभेट आहे, थेट गुलमर्गचं गूढही आहे. त्यामुळे वाचणाऱ्याची मे महिन्याची सुट्टी आणि फेणेची सुट्टी एकदमच सुरू व्हायची. स्वतः भागवतही मधूनच गोष्टीत डोकावतात, जणू फेणेने येऊन सगळं सांगितलं आणि यांनी फक्त लिहून काढलं. बरं, सगळंच गोड-गोड नाही. चीनशी १९६२ साली युद्ध झालं, तर त्यांनी या पोराला तिकडेही धाडलं. ते मला जरा जास्तच वाटतं, पण त्या वेळच्या मुलांना सीमेवर काय चाललंय हे त्यातून कळलं असणार.

वीसेक पुस्तकं झाली. १९८७ साली दूरदर्शनवर मालिका आली, त्यात फेणे होता सुमीत राघवन. भागवत गेले २७ ऑक्टोबर २००१ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. तुमच्यातल्या कित्येकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. अमेय वाघचा सिनेमा आला तोही २७ ऑक्टोबरलाच, २०१७ साली. त्यात दिलीप प्रभावळकर भागवत झाले होते. सिनेमा झकास, पण त्यात परीक्षेचा घोटाळा आहे, मृत्यू आहे, काळोख आहे. पुस्तकातल्या फेणेला एवढ्याची गरज पडत नाही. चोरी, पळवापळवी, एखादा तोतया, बास.

आज फुरसुंगी म्हटलं की पुणेकरांना आधी कचरा डेपो आठवतो, मग आयटी पार्क. गोष्टीतलं गाव तिथे जाऊन सापडणार नाही. पुस्तकं मात्र मिळतात, आणि एवढी छोटी आहेत की एक पुस्तक एका दुपारीत उरकतं. ती क्रमाने वाचायची गरज नाही. सुरुवात ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’पासून करा. आणि बर्फाच्या मुलखाशिवाय जमतच नसेल, तर गुलमर्ग आहेच की!