बाबूराव पेंटर : भयाचीं दोन चित्रें

नववीच्या वर्गांत एकदां भुताखेतांच्या चित्रपटांविषयीं गोष्ट निघाली. मुलें मोठ्या हौसेनें सांगूं लागलीं. कोणाला उलट्या पावलांची बाई आठवली, तर कोणाला ओसाड वाडा. शेवटच्या बांकावरील एक मुलगा मात्र म्हणाला कीं, असल्या कशाचेंच त्याला भय वाटत नाहीं. पण रात्रीं दाराशीं वसुलीची गाडी थांबली व आईनें दिवा मालविला, म्हणजे छातींत धडधडूं लागतें. वर्ग एकदम गप्प झाला. मला त्या वेळीं कोल्हापूरच्या एका कलावंताची आठवण झाली. हीं दोन्ही प्रकारचीं भयें त्यानें मूकपटाच्या काळींच पडद्यावर आणिलीं होतीं. आपल्या वडीगोद्रीसारख्या शेतकरी गांवांतील मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं त्याचें चरित्र वाचावें, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहें.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजीं कोल्हापुरांत एका कारागिराच्या घरीं झाला. चित्रकलेचें रीतसर शिक्षण त्यांस कधींच मिळालें नाहीं. आनंदराव या आपल्या नात्यांतील बंधूंबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत, व त्यावरूनच लोक त्यांस पेंटर म्हणूं लागले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं निघाला, आणि या दोघां बंधूंना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हां आपणच तो घडवावयाचा असें त्यांनीं ठरविलें. परंतु १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. खचून न जातां बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें तें यंत्र पुरें केलें. तानीबाई कागलकर या गायिकेनें द्रव्यसाह्य दिलें व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० च्या फेब्रुवारींत पुण्याच्या आर्यन चित्रगृहांत लागला. त्यांतील कीचकवध इतका हुबेहूब उतरला होता कीं, प्रेक्षकांच्या अंगावर शहारे आले, आणि अखेर सरकारी परीक्षक मंडळानें तो भाग कापावयास लाविला. लोकमान्य टिळकांनीं मात्र बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन गौरविलें.

पुढें १९२३ च्या 'सिंहगड' मध्यें त्यांनीं कृत्रिम दिव्यांच्या उजेडांत रात्रीचीं दृश्यें टिपलीं. तोंवर आपल्याकडे चित्रण सूर्यप्रकाशावरच अवलंबून असे. अंधार कसा रंगवावा, हें या पडदे रंगविणाऱ्या मनुष्यास आतां उमगलें होतें, व त्याचा खरा उपयोग त्यांनीं दोन वर्षांनीं केला.

१९२५ सालचा 'सावकारी पाश' हा त्यांचा तो चित्रपट. त्यांत देव नाहीं, राक्षस नाहीं, चमत्कार नाहीं. एका शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशांत जाते व तो शहरांत गिरणीमजूर होतो, एवढीच कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनीं केली होती. याच कर्जापायीं १८७५ सालीं सुपें येथें व दख्खनच्या अनेक गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले होते, आणि त्यानंतर सरकारला १८७९ चा कायदा करावा लागला होता. तरीही पाश सुटला नव्हता. पुढें याच कथेच्या बोलपटांत बाबूरावांनीं तो दाखविला तो असा : मंद उजेड, एक दरिद्री झोंपडी, आणि तिच्याजवळ आकाशाकडे तोंड करून रडणारें कुत्रें.  प्रत्येकानें तें आपल्या गांवीं कधीं ना कधीं ऐकिलेलें होतें. कीचक मेला म्हणजे त्याचें भय सरे. या झोंपडींतील भयाला मात्र मारावयास कोणता भीम बोलवावा? माझ्या मतें आपल्या भयपटांच्या इतिहासाचा आरंभ या झोंपडीपासून धरावा, जरी बाबूरावांनीं स्वतः त्यास भयपट म्हटलें नसतें.

पौराणिक व ऐतिहासिक वैभवास सरावलेल्या प्रेक्षकांनीं या चित्रपटाचें फारसें स्वागत केलें नाहीं. तिकीट काढून आपलेंच घर पाहावयास कोण जाईल, असें त्यांस वाटलें असावें. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे बाहेर पडले व त्यांनीं प्रभात कंपनी काढली. थोड्याच वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाली. बाबूरावांनीं पुढें कांहीं बोलपट केले. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी' त्यांपैकींच एक. पण त्यांचा बहुतेक काळ पुन्हां चित्रें व पुतळे यांतच गेला. १६ जानेवारी १९५४ रोजीं कोल्हापुरांत त्यांचें निधन झालें. 'सावकारी पाश' ची मूळ फीत आज उपलब्ध नाहीं. पण ज्यांनीं बोलपट पाहिला, त्यांपैकीं कोणाला पुढेंही त्यांतील ती झोंपडी व तें कुत्रें आठवत असे.