वि. स. पागे : मागेल त्याला काम मिळवून देणारे आमदार



आपली पगाराची स्लिप एकदा काढून बघा. त्यात व्यवसाय कर नावाची एक कपात असते. बहुतेकांची महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. आपण तिच्याकडे फारसं बघत नाही. पण हा कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. पगारदार माणसाने खेड्यातल्या मजुरासाठी आपला थोडा वाटा द्यायचा, असा त्यामागचा विचार. ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्या वि. स. पागे यांची आज ओळख करून घेऊ.

जन्म आणि जडणघडण

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर हे त्यांचं गाव. हा भाग पावसाच्या भरवशावर जगणारा, अगदी आपल्या परतूर तालुक्यासारखा. त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला. संतसाहित्याचा त्यांचा अभ्यास मोठा होता. राजकारणात राहूनही वाचन सुटलं नाही, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

सभापतिपदाची १८ वर्षे

१९६० ते १९७८ अशी सलग १८ वर्षे पागे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. मुलांना इथे एक फरक समजावून द्या. विधानसभेचे आमदार जनता थेट मतदानाने निवडते. विधान परिषदेचे सदस्य वेगळ्या रीतीने येतात. काही शिक्षक मतदारसंघातून, काही पदवीधर मतदारसंघातून, काही स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, काही विधानसभेच्या आमदारांकडून, तर काही राज्यपालांच्या नियुक्तीने. सभापतीने सभागृह निःपक्षपातीपणे चालवायचं असतं. त्याच्या हाती ना खातं असतं, ना निधी.

म्हणजे पागेंना गप्प बसायला चांगलं कारण होतं. पण ते बसले नाहीत. हाताला काम नाही म्हणून माणूस उपाशी राहतो, आणि त्याच गावात बांधबंदिस्ती, विहिरी, रस्ते अशी कितीतरी कामं पडून असतात. या दोन गोष्टींची सांगड का घालू नये, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या काही गावांत या विचाराचा प्रयोग झाला. तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. आधी गावात करून बघायचं, मग राज्याला सांगायचं, अशी ही पद्धत होती.

बहात्तरचा दुष्काळ

आष्टीत सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही आजी-आजोबांना बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं, लाल मिलो ज्वारीची भाकरी, पोरांना मिळणारी सुकडी, हे सगळं ऐकायला मिळेल. तेव्हा जालना जिल्हा झालेला नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला. त्याआधी आपला परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता.

रोजगार हमी योजना १९७२ साली जाहीर झाली आणि लगेच दुष्काळाने गाठलं. मग दुष्काळी कामंच आधी उघडावी लागली. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. माणसाला काम दिलं तर तो दुष्काळातूनही तगतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दुष्काळ सरल्यावर योजना पुन्हा मार्गी लागली.

योजनेचा कायदा झाला

१९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. इथे मुलांना योजना आणि कायदा यातला फरक सांगा. योजना सरकारची मर्जी असते, आज आहे उद्या नाही. कायदा झाला की तो माणसाचा हक्क होतो. खेड्यातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की १५ दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता द्यायचा. बाई आणि गडी यांना सारख्या कामाला सारखी मजुरी. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

पागे १६ मार्च १९९० रोजी गेले. मुंबईच्या विधानभवनातलं संसदीय प्रशिक्षण केंद्र आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

आपल्या वर्गाशी काय संबंध?

आता खरं बोलूया. कायदा चांगला असला तरी सगळं चांगलं झालं असं नाही. खोटी हजेरीपटं निघाली, मजुरी उशिरा मिळाली, काही कामं कागदावरच राहिली. आणि दिवाळी झाली की आपल्या वर्गातले काही बाक आजही रिकामे होतात. आई-बाप उचल घेऊन ऊसतोडीला जातात, सोबत पोरं जातात. मार्चमध्ये ती परत येतात तेव्हा वाचन मागे पडलेलं असतं. आपण हजेरीवर लाल शाईने गैरहजर लिहितो. पण ते मूल शाळेला कंटाळून गेलेलं नसतं, गावात काम नसल्यामुळे गेलेलं असतं.

पालकांनो, म्हणून हे तुम्हाला सांगतोय. काम तोंडी मागू नका. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि तारीख घातलेली पोच घ्या. तारखेशिवाय दिवस मोजता येत नाहीत, आणि दिवस मोजता आले नाहीत तर हक्क सिद्ध होत नाही. शिक्षकांनो, अर्ज लिहायला अडणाऱ्या पालकाला दहा मिनिटं द्या. एक अर्ज वेळेवर गेला तर कदाचित एक मूल वर्गात राहील.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांची बहात्तरच्या दुष्काळाबद्दल मुलाखत घ्या.
२. रोजगार हमीतून गावात झालेला रस्ता, तलाव किंवा विहीर शोधा आणि नकाशावर दाखवा.
३. अर्जलेखन : काम मागण्याचा अर्ज ग्रामपंचायतीला लिहा.
४. चर्चा : विधानसभा आणि विधान परिषद यांत फरक काय?

हातात कोणतंही खातं नसताना एका माणसाने एक प्रश्न धरून ठेवला आणि लाखो घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. आपल्या हातात तर एक अख्खा वर्ग आहे.