मुंबईचं बंदर चित्रात जपणारे जेम्स वेल्स



सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचं एकत्र चित्र तुम्ही पाहिलं असेलच. ते काढणाऱ्या चित्रकाराने मुंबईचं बंदरही रेखाटलं होतं, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो. त्यांचं नाव जेम्स वेल्स.

वेल्स यांचा जन्म 1747 साली स्कॉटलंडमधल्या पीटरहेड या समुद्रकाठच्या गावी झाला. 1791 मध्ये ते मुंबईत आले. माणसांची चित्रं काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय. पण या बेटाने त्यांना भुरळ घातली. 1791 आणि 1792 या दोन वर्षांत त्यांनी बंदर, माझगावची टेकडी, वरळीचा बांध, शीवचा किल्ला अशा ठिकाणांहून दिसणारी मुंबई कागदावर उतरवली.

1792 मध्ये ते पुण्याला गेले. तिथे इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या ओळखीने पेशव्यांच्या दरबारात त्यांना काम मिळालं. महादजी शिंदे यांचंही चित्र त्यांनी काढलं. शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. गंगाराम तांबट हे आपले मराठी चित्रकार वेल्स यांच्याबरोबर काम करत. वेरूळच्या लेण्यांची चित्रंही वेल्स यांनी काढली.

दुर्दैव असं, की लेण्यांच्या चित्रांचं काम अर्धवट असतानाच नोव्हेंबर 1795 मध्ये ते वारले. वेरूळच्या चित्रांचं पुस्तक निघालं 1803 मध्ये. मुंबईच्या 12 दृश्यांचा संग्रह लंडनमध्ये छापला गेला 1800 साली. दोन्ही पाहायला ते नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्या वर्गाशी काय संबंध? सांगते. मी उपनगरात शिकवते. ही चित्रं वर्गात दाखवली, तर एका मुलीने विचारलं, यात आपलं घाटकोपर कुठे आहे? प्रश्न साधा, पण मला नकाशा काढावा लागला! तेव्हा मुंबई म्हणजे दक्षिणेकडची बेटं. शीवच्या खाडीपलीकडे साष्टी हे वेगळं बेट. आपलं घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली त्या बेटावर. शीवहून कुर्ल्याकडे जाणारा बांध पूर्ण झाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी होडीनेच खाडी ओलांडायची. म्हणजे वेल्स शीवच्या किल्ल्यावर उभे होते, तेव्हा मुंबई तिथेच संपत होती.

चित्रात काय आहे, यापेक्षा काय नाही हे मुलांना शोधू द्या. आगगाडी नाही, ती 1853 ची. प्रिन्सेस डॉक नाही, तो 1880 चा. गेटवे ऑफ इंडिया नाही, तो 1924 चा. आहेत ती शिडाची जहाजं, झाडी आणि पाणी. त्यातलं कितीतरी पाणी आपण नंतर भरून टाकलं. पाऊस जोरात झाला की ते आपली जागा मागतं, हे कुर्ल्याच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

कॅमेरा नसलेल्या काळात एका माणसाने शांतपणे पाहिलं, म्हणून ती मुंबई आज आपल्याला दिसते.

उपक्रम : मुलांना घराजवळची एक जागा (नाला, टेकडी, खाडी, स्टेशनबाहेरचा चौक) जशी दिसते तशी काढायला सांगा. खाली तारीख आवर्जून घालायला लावा. पालकांनो, ते चित्र रद्दीत देऊ नका. वीस वर्षांनी तोच इतिहास असेल.