चौदा लेकरांची आई मार्जरी केम्प

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिन या व्यापारी गावी सुमारे १३७३ साली मार्जरीचा जन्म झाला. तिचे वडील जॉन ब्रुनहॅम अनेकदा तेथील नगराध्यक्ष होते. विसाव्या वर्षाच्या सुमारास तिचा विवाह जॉन केम्प यांच्याशी झाला. पहिल्या बाळंतपणानंतर ती भ्रमिष्ट झाली. तिला बांधून ठेवावे लागले. ख्रिस्ताच्या दर्शनाने आपण सावध झालो, असे ती सांगे. पुढे तिने बिअर तयार करण्याचा व पिठाच्या चक्कीचा धंदा केला; दोन्ही बुडाले.

तिचे मन प्रार्थनेकडे वळले व शरीरसंबंध तिला नकोसा झाला. परंतु पतिपत्नी हे देणे एकमेकांस लागतात, असा त्या काळी मंडळीचा नियम होता. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाचा त्याला आधार देत. जोडीदाराच्या संमतीवाचून ब्रह्मचर्याचे व्रत घेता येत नसे. मार्जरीने वर्षानुवर्षे विनवण्या केल्या. तिला चौदा मुले झाली.

अखेर १४१३ च्या जूनमध्ये यॉर्कहून येताना वाटेत बोलणे झाले. तिने आपले कर्ज फेडावे, शुक्रवारचा उपवास सोडून आपल्यासोबत जेवावे व एकाच बिछान्यावर निजावे, असे जॉन म्हणाला. शेतातील क्रुसापाशी प्रार्थना करून तिने पहिल्या दोन अटी मान्य केल्या. तिसरी त्याने सोडून दिली. स्वतःच्या देहावरचा अधिकार तिला असा पैसे भरून मिळाला.

नंतर ती यरुशलेमेस जाऊन आली. चौदा मुलांची आई कुमारिकेसारखी पांढरी वस्त्रे घालते, हे लोकांना खपेना. १४१७ मध्ये लेस्टरच्या नगराध्यक्षाने तिच्यावर बायकांना फितवून नेण्याचा आळ घेतला. यॉर्कच्या आर्चबिशपांनीही तिची चौकशी केली. तिच्या विश्वासात दोष सापडला नाही.

म्हातारपणी जॉन जिन्यावरून पडला. वेगळी राहणारी मार्जरी त्याला घरी घेऊन आली आणि मरेपर्यंत तिने त्याचे मलमूत्र काढले. तारुण्यात याच देहाची आपल्याला ओढ होती, हे ती विसरली नव्हती.

तिला लिहिता येत नव्हते. तिने सांगितलेली जीवनकथा इतरांनी लिहून घेतली. १४३८ पर्यंत ती पूर्ण झाली. इंग्रजी भाषेतील पहिले आत्मचरित्र म्हणून ती ओळखली जाते. तिचे हस्तलिखित १९३४ साली एका घरात सापडले.

पौलाच्या त्याच अध्यायात परस्पर संमतीचीही अट आहे. हा अध्याय शिकवताना शिक्षकांनी ती वगळू नये.